कोबेच्या गल्लीतले नगरसेवक

सर्व संबंधितांस गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात कोबेमध्ये माझ्या कचऱ्यावर थेट शासनाची नजर होती. शासन म्हणजे आमच्या भागाचे नगरसेवक. मूळचे रत्नागिरीकडचे मुसलमान, आता जपानी नागरिक. पहाटेची नमाज आटोपली की पांढरे हातमोजे चढवून ते गल्लीतल्या कचऱ्याच्या पिशव्या नियमाप्रमाणे धुऊन, वेगवेगळ्या करून ठेवल्या आहेत का ते तपासत. "काय हो, बाटली विसळायला पाणी नव्हतं काय?" असं मला मराठीत सुनावत आणि वर कमरेत वाकून जपानी नमस्कारही करत.

दुसऱ्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी स्टेशनबाहेर कर्ण्यावरून म्हणाला, "या वेळी तरी बाहेरचा माणूस नको." नगरसेवक समोरच उभे होते.

तेवढ्यात आमच्या शेजारची जपानी आजी भर गर्दीत बोलून गेली, "बाहेरचा कसला? बाहेरच्याची माझा कचरा परत माझ्या दारात आणून ठेवायची हिंमत झाली असती का?"