नववा मणी

आरोंद्याहून भाच्याचा फोन आला, "मामी, आई गेली." मी दिवस-वेळ डायरीत लिहून ठेवली, सवयच तशी. रडू नंतर आलं, आणि त्यात दुःखापेक्षा लाज जास्त होती. मुलांनो, ती तुम्हाला ठाऊक असावी.

शालन माझी धाकटी नणंद. साठ सालच्या आधी बी.ए. होऊन मी शिरोड्याला सासरी आले, शाळेत गणित शिकवू लागले. तिची शाळा सातवीत सुटलेली. दुपारी माझ्या वह्या चाळायची. एकदा मी सांगितलं, दहांऐवजी दोनांनी मोजलं तर कुठलीही संख्या नुसत्या शून्य-एकात लिहिता येते. झालं! पुस्तकातली पायची किंमत तिने घेतली, ३.१४१५९२६५. तीन बाजूला ठेवून उरलेला अपूर्णांक दुप्पट करत जायची. एकाच्या वर गेला की एक लिहून त्यातून एक वजा, नाहीतर शून्य. शून्याला पांढरा मणी, एकाला लाल. त्या क्रमाने ती आमच्या दारावरचं तोरण ओवत होती.

पांढरा, पांढरा, लाल... पुन्हा तेच. मग म्हणाली, "वहिनी, नववो मणी पांढरो येता गो."

मी बावीस सप्तमांश घेऊन झटपट करून पाहिलं. दोन पांढरे, एक लाल, शेवटपर्यंत तेच. सासूबाई आणि शेजारणी बसल्या होत्या. म्हटलं, "शालन, सातवीच्या पाटीवर बी.ए.चं गणित मावत नाही." सगळ्या हसल्या.

"तू सांगतंस म्हणजे लालच," म्हणत तिने पांढरा मणी दोऱ्यातून काढून लाल ओवला.

आठवड्याने वर्गात मीच फळ्यावर लिहीत होते, बावीस सप्तमांश ही पायची जवळची किंमत, खरी नव्हे. खडू तिथेच थांबला. घरी येऊन तिच्या आकड्यांनी मांडलं. नववा शून्यच. पायच्या अंकांत अशी फिरून येणारी नक्षी नसतेच. ती माझ्या घाईची नक्षी होती. मी गप्प राहिले. बी.ए.चं गणित ना!

लग्न होऊन ती आरोंद्याला गेली. दर चतुर्थीला माहेरी यायची, उंबऱ्यात थांबून वर तोरणाकडे बघायची. "बरां दिसता," म्हणायची. मी चहा ठेवायला आत वळायची...

बाराव्याला गेले, तर तिच्या खोलीच्या दारावर तसल्याच मण्यांचं दुसरं तोरण. चष्मा लावून मोजलं. नववा पांढरा. दहावाही.

"आईन लग्नाआधीच ओवलेलां," भाचा म्हणाला. "तुमच्याकडचां असांच आसा ना, मामी?"

"नाही रे," मी म्हटलं. "तुझ्या आईचं बरोबर आहे. माझं चुकलं."

इतकंच वाक्य. तिच्यासमोर नाही आलं.

आमच्या दारावरचं तोरण मी बदललेलं नाही. तुम्ही याल तेव्हा आत येण्याआधी वर बघा. डावीकडून नववा.