वस्तीत दिलेली दवंडी

"तुला बोलावलं कुणी गं म्हातारे?" सरपंचानं चावडीवरून विचारलं. माझी चुलती बोलायला उभी राहिली होती. ती पदर धरून तशीच उभी. वर बसलेलं गाव हसलं.

तिला मी बोलावलं होतं. पंचायतीचा शिपाई मी. आदल्या दिवशी गळ्यात डफडं अडकवून ओरडत फिरलो होतो, "तालुक्याचं सायेब येनार हायती हो! नवी हीर कुटं पाडायची ते इचारनार हायती! समद्यांनी चावडीवर यावं हो!" आम्हा बौद्धांच्या वस्तीत दवंडी द्यायचा रिवाज नव्हता. मी त्या दिवशी दिली. सगळ्यांनी म्हणजे आम्हीही, असं मला वाटलं. काय पण अक्कल!

धर्म बदलला तेव्हा बापानं दवंडीसकट गावकीची सगळी कामं सोडली. मी पगारासाठी डफडं पुन्हा गळ्यात घेतलं. बाप माझ्याशी बोलत नव्हता.

वस्ती धुतलेले कपडे घालून आली. पायरीखाली उन्हात बसली. औंधाच्या पूर्वेला आमचं कोरडं गाव. आमच्या बाया ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. विहीर वस्तीच्या अंगाला व्हावी, एवढंच मागायचं होतं. देवळामागं झाली तर आम्हाला तिथं कोण शिवू देणार?

साहेबानं विचारलं, "वस्तीचं काय म्हणणं आहे?"

"त्यास्नी इचारलंय सायेब," सरपंच म्हणाला. "देवळामागं पाडायला राजी हायती."

तेव्हा चुलती उठली. "आवं सायेब, आमाला कुनी इचारलं न्हाई."

मग सरपंचाचा तो प्रश्न. मग ते हसणं. साहेबानं मान खाली घालून चहाची बशी उचलली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे झाले होते.

"जा रं, दवंडी दे," सरपंच मला म्हणाला. "हीर देवळामागं ठरली, समदं गाव राजी हाय म्हनून."

मी डफडं गळ्यातून काढलं. चावडीवर ठेवलं.

"गाव राजी न्हाई. खोटी दवंडी मी देनार न्हाई."

सरपंचानं उठून थोबाडीत मारली. लागली नाही. खरंच लागली नाही. मी साहेबाकडं बघून तेच पुन्हा म्हणालो.

नोकरी गेली. विहीर देवळामागंच झाली. बाया अजून झऱ्यावर जातात.

आता कुणी साहेब गावाला विचारायला आला की मी आधी जातो आणि वर बसतो. ऊठ म्हणतात. उठत नाही. आमचं म्हणणं आमच्या तोंडून ऐका, मग काय ते ठरवा. आमच्या वतीनं दुसरा कुणी हो म्हणाला, तर मी तिथंच, सगळ्यांदेखत, त्याला खोटारडा म्हणणार. मारा मग.