अस्करच्या मेसमधला आवाज

बहारीनला मी निघाले ती ताईसाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर मला विमानात बसायचं होतं. नव्वदचं दशक निम्मं सरलेलं. दाजी तिथल्या रिफा गावात अकाउंटंट होते, त्यांनी व्हिजिट व्हिसा पाठवला आणि मी साताऱ्याच्या कॉलेजातल्या लायब्ररीतून बारा दिवसांची रजा काढली.

पहिले चार दिवस मनामाच्या बाजारात गेले. जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की रिफाहून कुठंही जायचं तर गाडीच लागते आणि भर दुपारी दुकानं बंद असतात. हे मी बंद शटरसमोर घाम पुसत शिकले. केरळी हॉटेलात मात्र अर्ध्या दिनारात, म्हणजे तेव्हाच्या चाळीस-पंचेचाळीस रुपयांत, पोट फुटेस्तोवर जेवण मिळे.

पाचव्या दिवशी दाजींच्या ऑफिसातल्या थॉमसचा फोन आला. मल्याळी मंडळाच्या कार्यक्रमाला एक बुजुर्ग सिनेनट आले होते आणि आयोजकांची गाडी ऐनवेळी बंद पडली होती. शुक्रवारी सकाळी त्यांना जरा फिरवून आणाल का, असं तो दाजींना विचारत होता. मी एकही मल्याळी सिनेमा पाहिलेला नव्हता, तरी सिल्कची साडी इस्त्रीला काढली. नट तो नटच!

पांढरं मुंडू, म्हणजे केरळी लुंगी, नेसलेले, ठेंगणे, सत्तरीचे गृहस्थ पुढच्या सीटवर बसले; थॉमस माझ्याबरोबर मागे. सगळे त्यांना माश म्हणत, म्हणजे मास्तर. सिनेमात येण्याआधी ते खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायचे. सोन्याच्या बाजारात जाऊ या का, असं दाजींनी विचारलं, तर ते म्हणाले, अस्करला. थॉमस गोंधळला. तिथं ॲल्युमिनियमचा कारखाना आणि कामगारांचे कॅम्प, बघायचं काय?

वाटेत माश हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करून बोलत राहिले. पहिल्या सिनेमात ते नावाडी झाले होते. पोहता येत नव्हतं, वल्हवताही येत नव्हतं. नावेच्या तळाशी एक माणूस आडवा पडून वल्हं हलवायचा. आम्ही खूप हसलो. मग माश म्हणाले, "आवाजही माझा नव्हता."

त्यांचा आवाज किरटा म्हणून निर्मात्याने एका नाटकमंडळीतल्या वेलायुधन नावाच्या नटाकडून सगळे संवाद बोलून घेतले होते. पडद्यावर त्याचं नाव आलं नाही. लोक आवाजावर खूश झाले, तेव्हा माशनी वर्षभर त्याच्याचकडे बसून तो आवाज शिकून घेतला. पुढची सगळी कारकीर्द त्यावर उभी राहिली. वेलायुधन आखातात गेला. तो अस्करच्या एका कॅम्पात स्वयंपाकी आहे, हे माशना नुकतंच कळलं होतं.

मेसमध्ये लुंगी नेसलेला एक उंच म्हातारा सांबाराचं भलं मोठं पातेलं ढवळत होता. त्याने माशना पाहिलं आणि पाठ फिरवली. दोनशे माणसांचं जेवण आहे, वेळ नाही, असं तो म्हणाल्याचं थॉमसने हळूच सांगितलं.

माशनी चपला काढल्या, उपड्या खोक्यावर बसले आणि कांदे सोलून चिरायला घेतले. मीही साडी खोचून बसले. दाजींनी सुरी मागितली. अर्ध्या तासात कांद्यांचा ढीग निम्मा झाला. मग वेलायुधननेच तोंड उघडलं. थॉमस आमच्यासाठी हिंदीत सांगत होता.

"अजून जाडच चिरतोस."

"संध्याकाळी ये," माश म्हणाले. "मी स्टेजवर तुझं नाव सांगणार आहे."

"इतक्या वर्षांनी?"

"घाबरत होतो. लोक म्हणतील, मग याचं स्वतःचं काय?"

वेलायुधन पुन्हा पातेल्याकडे वळला. आम्हाला भात-सांबार मात्र पोटभर वाढलं. त्या सांबाराची चव कुठल्या हॉटेलात नाही मिळायची.

संध्याकाळी कार्यक्रमाला शाळेचा हॉल खच्चून भरला होता. माशनी सगळं सांगितलं. मागे कुणीतरी विनोद समजून हसलं. माशनी नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं.

तेवढ्यात दाराकडून, माइकशिवाय, एक भारदस्त आवाज आला. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी मागे वळून बघू लागले. शेवटचा माणूस चढेपर्यंत मी वल्हं उचलणार नाही, असं ते त्या पहिल्या सिनेमातलं वाक्य होतं म्हणे, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. बघता बघता सगळे उभे राहिले. थॉमस शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. वेलायुधन गर्दीतून स्टेजवर पोचेपर्यंत माश हात जोडून उभे होते. दोघं जवळ आले, तेव्हा एकमेकांना काय बोलले ते टाळ्यांत ऐकूच आलं नाही.

परतायच्या आदल्या दिवशी मी मनामात त्या सिनेमाची कॅसेट घेतली. साताऱ्याला शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर लावली, तेव्हा आईने विचारलं, भाषा कळत नाही तर बघतेस काय? मी म्हटलं, ऐकतेय.

ताईने बांधून दिलेला खजूर आठवड्यात संपला. राहिलं ते माशचं "घाबरत होतो". इतका मोठा माणूस कांदा सोलता सोलता ते बोलला होता, आणि बोलून झाल्यावर पुढचा कांदा त्याने अगदी बारीक चिरला होता.