बाईंना काही येत नाही

पहिलीच्या बाईंना काही येत नाही, हे पहिलीतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. आकडे मोजताना सतरा आला की बाई हटकून अडखळत. आठवड्याचे वार म्हणायला लागल्या की बुधवार त्यांच्या हातून कुठेतरी गळून पडे. फळ्यावर मांजर काढलं तर त्याला पाय पाच. बुटांच्या नाड्या बांधायला बसल्या की उजव्या बुटाची नाडी डाव्या बुटाला बांधून ठेवत आणि खुशाल उठून चालायला निघत. "बाई, थांबा! पडाल!" असा जो गिल्ला होई तो पार ऑफिसपर्यंत ऐकू जाई. मग दोघीचौघी धावत येऊन बाईंना खुर्चीवर बसवत, गाठ सोडवत आणि नाडी कशी बांधतात ते पहिल्यापासून समजावून सांगत. बाई मन लावून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकत.

हे अर्थातच सोंग होतं, आणि ते बाईंनी आपल्या सगळ्या नोकरीभर वठवलं होतं. सुरुवात मात्र खऱ्या चुकीने झाली. नवीन नवीन असताना बाई वर्गाला इतक्या घाबरत की डब्यातली बटणं मोजून दाखवताना त्यांचा अकरा राहून गेला. वर्गही त्यांना तेवढाच घाबरलेला होता. एक मुलगी तर शाळा सुरू झाल्यापासून बाकाखालीच बसून होती, तिला बाहेर काढायला आई, मावशी, शिपाई सगळे येऊन गेले होते. त्या बाकाखालून आवाज आला, "अकरा राहिला!" पाठोपाठ मुलगी बाहेर आली, तिने बाईंच्या हातातून डबा काढून घेतला आणि सगळी बटणं मोजून दाखवली. अध्यापनावरची जाडजूड पुस्तकं बाईंनी घोकून पाठ केली होती. त्यातल्या एकातही हा उपाय नव्हता.

तेव्हापासून बाई चुकत आल्या. आता कोणी म्हणेल, चुकायला काय लागतं, ते तर आपण सगळेच करतो. पण तसं नाही. आपण चुकतो ते गबाळेपणाने, बाई चुकत त्या तयारीने. चूक फार सोपी असली तर मुली हसून सोडून देतात, फार अवघड असली तर कोणाच्या लक्षातच येत नाही आणि बाई बिचाऱ्या चुकीच्या उत्तरासह फळ्यापाशी उभ्या. शिवाय हुशार मुलींनी चूक पकडली म्हणून बाई लगेच सुधारत नसत. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या एखाद्या गप्प मुलीकडे असे. तिला चूक दिसेपर्यंत, दिसून ती असह्य होईपर्यंत आणि न राहवून तिचं तोंड उघडेपर्यंत बाई न लाजता चुकत राहत. यंदा अशी एक होती. ती विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला नुसतं "हूं" म्हणे, म्हणून वर्गाने तिचं नावच हूं ठेवलं होतं. बाई तिच्यासाठी शाळा उघडल्यापासून चुकत होत्या, आणि हूं काही बधत नव्हती.

या सवयीचा घरी मात्र त्यांना त्रासच झाला. बाईंचे यजमान टपालखात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब, पण बायकोला एखादी गोष्ट येत नाही यावर त्यांचा विश्वास म्हणून बसत नसे. एकदा स्वयंपाकघरातला नळ तुटला. "अहो, पाणी कुठून बंद करायचं?" म्हणून बाई ओरडल्या, तर हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मला शिकवायला लावतेस होय? मी नाही फसायचा." पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं तेव्हा ते उठले.

खरं संकट आलं ते वकिलिणीमुळे. वकिलीण म्हणजे पुढच्या बाकावरची एक मूर्ती. वेण्या घट्ट, तोंड मात्र मुळीच घट्ट नव्हे. कोणत्याही गोष्टीला तिचा पहिला प्रश्न "का?" आणि दुसरा "पण का?" तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. रोज संध्याकाळी ते लेकीला कौतुकाने विचारत, "आज बाईंनी काय शिकवलं?"

"बाईंनी नाही, मी शिकवलं. त्यांना वजाबाकी शिकवली."

"कोणाला?"

"बाईंना. त्यांच्या डोक्यात जरा उशिरा शिरतं. पण कष्टाळू आहेत हो, बाबा."

औषधवाल्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग त्यांनी गल्ल्यावर आलेल्या दुसऱ्या एका पालकांना विचारलं. त्यांच्या घरीही तीच बातमी होती, वर बुधवारची भर. तिसऱ्यांच्या मुलीने तर बाईंना घरी शिकवणीला बोलावण्याची परवानगी मागितली होती. दोनचार दिवसांत औषधवाल्यांचं दुकान म्हणजे चावडीच झाली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस खोकला विसरून बाईंवर बोलू लागला. शेवटी पाच-सहा वडील आणि एक आजी अशी फौज मोठ्या बाईंच्या ऑफिसात जाऊन थडकली.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शाळेत यंदाच आल्या होत्या. त्यांना सगळं येत असे. कोणी काही विचारलं आणि त्या "ठाऊक नाही" म्हणाल्या, असं घडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. त्यांनी पहिलीच्या बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, पालक म्हणतात तुम्हाला बेरीज येत नाही."

बाई हसल्या. "अहो, ती माझी पद्धत आहे. मी चुकते, मुली दुरुस्त करतात."

"चुकीचं शिकवायचं ही पद्धत?" मोठ्या बाईंना मुळीच हसू आलं नाही. "हे बघा, पाचवीच्या बाई लांबच्या रजेवर जातायत. तुम्ही पाचवी घ्या. तिथे पुस्तकं आहेत. त्यात बघून शिकवता येईल."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. पाचवी! पाचवीच्या मुलींना सगळं येतं, आणि जे येत नाही त्यात त्यांना काही रस नसतो. आणि इकडे हूं? ती तर अजून "हूं"वरच होती. "मला पहिलीतच राहू द्या हो," बाई अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"उद्या मी वर्गात येऊन बसते. मग ठरवू," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि औषधवाल्यांना तसं कळवायला त्यांनी फोन उचलला.

त्या दुपारी शिक्षिकांच्या खोलीत बाई शिरल्या तेव्हा बोलणं एकदम थांबलं. चित्रकलेच्या बाईंनी त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. गाण्याच्या बाई हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं. मलासुद्धा भागाकार नाही जमत." बाईंना पाचवीपेक्षाही हे जास्त लागलं. इतकी वर्षं एका टेबलावर डबे खाल्ले आणि यांना ते खरं वाटलं! आणि किती सहज वाटलं! घरी येऊन त्या यजमानांपुढे रडल्या.

यजमानांनी चष्मा काढला. आता हे सोंग नाही, हे त्यांनाही कळलं. "असं कर," ते म्हणाले, "उद्याचा एक दिवस शहाण्यासारखी वाग. एकही चूक करू नकोस. मग बघू कोण काय बोलतंय."

बाईंना ते पटलं. सकाळी त्या मनाशी ठरवूनच वर्गात शिरल्या, तर वर्ग त्यांच्या आधी तयार. वकिलिणीने घरी कान देऊन सगळं ऐकलं होतं आणि शाळेच्या फाटकातच बातमी सगळ्यांना पुरवली होती. मुलींनी बाईंना आत आल्या आल्या खुर्चीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, आज मोठ्या बाई येणार. तुम्हाला नाही आलं तर तुम्हाला पाचवीला टाकणार," वकिलीण गंभीरपणे म्हणाली. "घाबरू नका. आम्ही आहोत. चला, वार म्हणा."

बाईंनी वार म्हटले. बुधवारी वर्गाने श्वास रोखून धरला. मग बटणं झाली, मग बेरीज. पुढचे दोन दात पडल्यामुळे बोलताना जिची शिट्टी वाजे आणि जिला सगळ्या शिट्टीच म्हणत, त्या मुलीवर कामगिरी सोपवली गेली. बाई अडल्या तर तिने बाकाखालून बोटं दाखवायची. एका मुलीने बाईंच्या बाहीवरचा खडू झटकला. दुसरीने बजावलं, "आणि काही झालं तरी बुटांना हात लावू नका." बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्यांनी मान डोलावली.

मोठ्या बाई येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. बाईंनी फळ्यावर आठ अधिक पाच लिहिलं. शिट्टीची बोटं आधी दहा, मग तीन अशी बाकाखालून वर आली, इतकी वर की मोठ्या बाईंनाही दिसली. बाईंनी तेरा लिहिलं.

"आलं! बाईंना आलं!" वर्ग उसळलाच. टाळ्या काय, बाकं बडवणं काय, दोघींनी तर एकमेकींना मिठ्या मारल्या. बाईंनी वार बिनचूक म्हटले, पुन्हा टाळ्या. मांजर काढलं तेव्हा एक मुलगी उठून फळ्यापाशी गेली, पाय मोजले आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "चारच आहेत." मोठ्या बाईंच्या कपाळावरची आठी काही जाईना. असा वर्ग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

पण गंमत तिथेच संपली. बाईंना सगळं यायला लागलं आणि मुलींना करण्यासारखं काही उरलं नाही. बाई बरोबर सांगत गेल्या, मुली हाताची घडी घालून ऐकत गेल्या. एकीने जांभई दिली, ती बाकाबाकाने शेवटपर्यंत गेली. हूंने डोकं बाकावर ठेवलं. बाईंना कळत होतं, पण आता मागे फिरायची सोय नव्हती.

मोठ्या बाई उठून पुढे आल्या. "बाईंना येतं ते पाहिलं. आता मुलींना काय येतं ते बघू. नऊ आणि चार किती?"

कोणी हात वर केला नाही.

"सोपं आहे. नऊ आणि चार?" मोठ्या बाईंनी शिट्टीकडे बोट केलं. शिट्टीने वकिलिणीकडे पाहिलं. सगळा वर्ग वकिलिणीकडे पाहू लागला, तेव्हा ती उठून उभी राहिली.

"मोठ्या बाई, तुम्हाला येत नाही का?" तिने अगदी अदबीने विचारलं.

"म्हणजे काय? मला येतं!"

"मग आम्हाला कशाला विचारता?"

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं आणि त्यात उत्तर नव्हतं. त्यांच्यापेक्षा वाईट अवस्था पहिलीच्या बाईंची झाली. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं: मुलींनो, मला आधीपासून सगळं येतं, मी तुमची गंमत करत होते. मोठ्या बाईंची समजूत पटली असती, वर्ग राहिला असता. त्यांनी मुलींकडे पाहिलं. सकाळी दार लोटून त्यांची उजळणी घेणारे ते सगळे चेहरे त्यांच्याकडेच बघत होते, काळजीने. नाही जमणार, बाईंनी मनात म्हटलं. पाठवू देत पाचवीला. आणि त्या तोंड मिटून उभ्या राहिल्या.

मोठ्या बाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं, एकवार मुलींकडे. मोठ्या बाई काही मंद नव्हत्या, त्यांना फक्त सगळं येण्याची सवय जडली होती. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. कडू गोळी पाण्याशिवाय गिळावी तसं त्यांचं तोंड झालं.

"मला," त्या म्हणाल्या, "येत नाही."

एवढंच म्हणायचा अवकाश, बाकं सरकली, बटणांचा डबा धावत आला आणि मोठ्या बाईंना हाताला धरून पुढच्या बाकावर बसवण्यात आलं. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. सगळ्या एकदम शिकवू लागल्या. मोठ्या बाईंनी बटणं मोजली आणि सांगितलं, "बारा." मुद्दाम की गोंधळून, ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. शेजारी हूं उभी होती. ती बटणांकडे पाहत राहिली, मोठ्या बाईंकडे पाहत राहिली, आणि मग तिच्याच्याने राहवेना.

"तेरा आहेत," हूं म्हणाली. "नीट मोजा. घाई करू नका."

पहिलीच्या बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. शाळा उघडल्यापासून त्या याचीच वाट पाहत होत्या. मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली ती कोणी मनावर घेतली नाही, मोठ्या बाईंनीही नाही. त्या आता वार म्हणत होत्या आणि शुक्रवार गाळून ओरडा खात होत्या.

शेवटी त्या कशाबशा बाकातून सुटल्या, खडूचे हात झटकत दारापाशी आल्या. "औषधवाल्यांना मी बघते," त्या हळूच म्हणाल्या. "आणि पाचवीचं..."

"पाचवीला नका ना पाठवू त्यांना!" वकिलीण मध्येच घुसली. "त्यांना अजून पहिलीचं पण धड येत नाही. आज आलं, पण उद्या विसरतील. त्यांचं असंच असतं."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"इथेच राहू दे. आम्ही दुसरीत गेलो की नव्या मुलींना सांगून ठेवू. त्या शिकवतील."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "राहू दे इथेच."

बाईंनी पटकन फळ्याकडे तोंड फिरवलं, डस्टर उचललं आणि जोरजोरात फळा पुसायला लागल्या.

"बाई!" अख्खा वर्ग ओरडला. "डस्टर उलटं धरलंय!"

आणि या वेळी बाईंना ते खरोखरच दिसलं नव्हतं.