तिला खाली बघता येत नव्हतं

शकुताई गेल्याचा फोन भाच्याने केला, तेव्हा मी चरोद्याच्या फलाटावर दुर्गच्या गाडीची वाट बघत होतो. ‘मामा, आई गेली...’ एवढंच तो बोलला. वैशाली नगरात ताईच्या घरी पोचलो तर अंगणात गर्दी, आणि सगळ्यांत मोठ्याने रडत होत्या समोरच्या घरातल्या काकू. ‘किती मायेनं पाहे हो बाई!’ ते ऐकून मला किळस आली. महिना उलटला, ती अजून गेलेली नाही.

शकुताई माझी थोरली बहीण. भाऊजी पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला होते, ते लवकर गेले आणि ताईने शिलाई मशीनवर घर चालवलं. गल्लीत कोणाकडे बाळ झालं की पहिलं झबलं तिचंच. मग एकदा म्हणाली, ‘बापू, मले एका सुईच्या दोन सुया दिसून राहिल्या रे.’ चष्मा बदलला, पुन्हा बदलला. ती जिन्यावरून पडली. जेवताना ताटातली भाजी सोडून कोरडी पोळीच खायची. पापणी क्वचित लवायची, मान ताठ, नजर सरळ समोर. गल्ली म्हणू लागली, म्हातारीला घमेंड आली. कोणी म्हणालं, पिते. माझ्या बहिणीला!

शेवटी रायपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी ओळखलं. त्यांनी आपलं बोट खाली नेलं. ताईची नजर जागची हलली नाही. मग ते म्हणाले, ‘आई, माझ्याकडेच बघत राहा,’ आणि तिची हनुवटी हळूच वर उचलली. तिचे डोळे आपसूक खाली वळले. मी चकित झालो. ‘डोळे चांगले आहेत,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण खाली बघ, जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे एकत्र लाव, हे सांगणारा मेंदूचा भाग झिजत चाललाय. औषध नाही.’ ताईने शांतपणे विचारलं, ‘म्हंजे मी वेडी नाही ना?’ परतताना गाडीत ती मला म्हणाली, ‘समोरच्या काकूले जाऊन सांग बापू. लोकायले वाटते मी टक लावते.’

मी गेलो, काकूंना सगळं समजावलं. त्यांनी चहा पाजला, मान डोलावली, च् च् केलं. आणि पुढे त्यांच्या नातवाचं बारसं आलं. ताईने कापड डोळ्यांसमोर उंच धरून, बोटांनी चाचपत, कसंबसं झबलं शिवलं होतं. मी तिला हाताला धरून नेलं. आम्ही दारात दिसताच काकूंनी बाळाच्या तोंडावर पदर ओढला. ‘झोपला आहे, दीदी.’ बाळ तर पाय झाडत होतं! झबलं त्यांनी दोन बोटांनी उचलून खुर्चीवर टाकलं. आम्ही आमच्या फाटकाशी पोचतो न पोचतो तोच मागून मिरच्या जळाल्याचा ठसका आला. ताई थांबली. ‘माझीच दृष्ट काढून राहिले का रे?’ मागे वळून बघणं तिला शक्यही नव्हतं... मी बघितलं. काकू दारात तवा घेऊन उभ्या होत्या. इतकी शिसारी मला आयुष्यात कोणाची आली नव्हती. त्यानंतर ताई घराबाहेर पडलीच नाही.

तेरवीला तीच माणसं पंगतीत बसून बुंदी मागत होती. मला घास गिळवेना. मी उठून ताईच्या खोलीत गेलो. भाच्याने तिथे भिंतीला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर एक फळी ठोकली होती. कप, कंगवा, ताट, सगळं त्या फळीवर, तिला दिसावं म्हणून. कंगव्यात तिचे केस होते. मी तिच्या खुर्चीवर बसलो. फळीच्या शेजारी खिडकी, आणि खिडकीतून सरळ बघितलं की काकूंची बाल्कनी. ताई होती तोवर त्या बाल्कनीला जाड पडदा असायचा. आता तो काढला होता. जेवून, हात धुऊन घरी गेलेल्या काकू दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला बाहेर आल्या आणि मला बघून हसल्या.

मी नजर हलवली नाही.