आत्यानं चोळलं

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा झालं. पहिल्यांदा, कबड्डीत गुडघ्यातली कूर्चा फाटली — आमच्याकडे तिला गादी म्हणतात — ती नगरच्या डॉक्टरांनी नीट केली. दोन महिने त्या पायावर भार द्यायचा नाही, एवढंच पथ्य. दुसऱ्यांदा, ती दुरुस्ती वाया गेली म्हणून. का वाया गेली, हे पाथर्डीतल्या आमच्या सगळ्या भावकीला माहीत आहे. म्हणजे — मी जे सांगितलं, ते माहीत आहे.

आमच्याकडे शेवंताआत्या असते, वडिलांची थोरली बहीण. ती पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते असं मानतात. ऊसतोडणीवरून परतलेली माणसं तिच्यासाठी ओसरीवर थांबायची. पालथं झोपायचं, आत्यानं हळूच पाय लावायचा, आणि तिनं कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मी तिची थट्टा करायचो, पण तिचा रुबाब होता. ऑपरेशननंतर ती रोज माझ्या पोटरीला तेल लावायची. गुडघ्याला तिनं कधी बोटसुद्धा लावलं नाही.

पाचव्या आठवड्यात बायको आणि आत्या बाजाराला गेल्या होत्या. चौकात मित्र बसलेले, आणि मला घरात पडून वीट आलेला. गाडीचं सेल्फ बिघडलं होतं. मी कुबडी भिंतीला टेकवली आणि किक मारली — त्याच पायानं. तिसऱ्या किकला आत कट्कन वाजलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? बायको शेजारीच उभी होती. महिनाभर तिनं मला उठवलं-बसवलं होतं. तिच्यादेखत किकचं सांगायची लाज वाटली, आणि मी म्हणालो, "आत्यानं चोळलं." आत्याच का? कारण ती उलटून बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं — नाही सापडलं.

घरी बायको तिला नको नको ते बोलली. आत्या एवढंच म्हणाली, "दाबलं गेलं आसंल रं माज्या हातून. मला कळलं न्हाई." तिला खरंच तसं वाटलं. तिनं माझं खोटं पकडलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते खरं मानलं.

तेव्हापासून तिनं कुणाला पाय लावलेला नाही. परवा शेजारची सून कंबर धरून आली, तर आत्यानं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "नगं बाई. माज्यानं वाईट हुतं." मी तिथंच उभा होतो, दोन्ही पायांवर, नीट.

मला अजून मांडी घालता येत नाही. जेवायची वेळ झाली की पंचाहत्तरीची आत्या आतून माझ्यासाठी खुर्ची ओढत आणते. मी बसतो.