मॅडमचा डाव

चुकीचं पान ठेवलेलं मला बघवत नाही. स्वभाव म्हणा की धंद्याने लावलेली खोड. मी लंडनच्या हाउन्सलो भागात राहते आणि जुगाराच्या मशीनमधले पत्ते नीट पिसले जातात की नाही, हे तपासायची नोकरी करते. व्हिडिओ पोकर नावाचा खेळ असतो. स्क्रीनवर पाच पानं येतात. त्यातली हवी ती ठेवायची, बाकीची टाकायची, टाकली तितकी नवी येतात. शेवटी गुलामाची किंवा त्याच्या वरची जोडी, तीन सारखी पानं, पाचही बदाम, असं काही जुळलं तर गुण. कुठली पानं ठेवायची याचं प्रत्येक हाताला एकच बरोबर उत्तर असतं. ते गणिताने काढलेलं आहे आणि मला तोंडपाठ आहे. लोक मात्र मनाने खेळतात. राणी येणार असं वाटतंय, म्हणतात. लोकांच्या वाटण्याला मशीन भीक घालत नाही.

आई गेल्यावर आठ महिन्यांनी मी बाबांना नागपूरहून बोलावून घेतलं. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा, परतीचं तिकीट फेब्रुवारीचं. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. आई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. बाबा तिला जन्मभर 'मॅडम' म्हणाले, निम्मं चिडवायला आणि निम्मं मानाने. मी एकुलती एक. लग्न केलं नाही, त्यामुळे इथेही एकटीच.

तिकडे शेजारच्या काकू मला फोनवर काय काय सांगायच्या. बाबा दार सताड उघडं टाकून बाजारात गेले. रोज दोन कप चहा करतात, एक तसाच गार होतो. एकटेच बोलतात. मी नागपूरच्या बाहेर एक चांगला वृद्धाश्रम शोधून ठेवला होता. नर्स, बाग, स्वच्छ खोल्या. त्यांचा फॉर्म ईमेलने आला होता आणि बाबांच्या परतीच्या आधी मला तो भरून पाठवायचा होता. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी माझ्या घरी राहीन."

"बघू," मी म्हटलं.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऑफिसात करते तसा मी तक्ता केला होता. गॅस, कुलूप, बाथरूममध्ये पडणं, गोळ्या चुकणं. प्रत्येक ओळीचं उत्तर वृद्धाश्रम हेच येत होतं.

हाउन्सलोचं आमचं घर विमानांच्या वाटेखाली आहे. दर दीड-दोन मिनिटांनी एक डोक्यावरून जातं, आणि तेवढा वेळ इथली माणसं बोलता बोलता थांबतात. बाबांना ते पहिल्या आठवड्यातच जमलं. थंडी सुरू झाली, चार वाजता दिवे लागायला लागले, तसं त्यांचं बाहेर फिरणं बंद झालं. त्यांना विरंगुळा म्हणून मी टेस्टिंगचा एक जुना टॅबलेट दिला, व्हिडिओ पोकर असलेला. पैशांचा प्रश्न नव्हता, नुसते खोटे गुण. ऑफिसच्या नियमांत हे बसत नव्हतं, पण मी कानाडोळा केला.

दुसऱ्याच दिवशी आमचं वाजलं. हातात किलवरचा राजा, आणि बाबांनी राजा टाकून बदाम सत्ती ठेवली.

"बाबा, सत्तीला इथे काही किंमत नाही. राजा ठेवा."

"बदाम सत्ती कोणी टाकते का?"

मग माझ्या लक्षात आलं. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर सतरंजी टाकून आम्ही तिघं बदाम सात खेळायचो. ज्याच्याकडे बदाम सत्ती त्याने ती खाली ठेवायची, मग डाव सुरू. तिच्याशिवाय खेळच नाही. बाबांच्या डोक्यात सगळा पत्त्यांचा संसार त्या एका पानापासून सुरू होत होता. मी त्यांना बरोबर उत्तरांचा कागद छापून दिला, फ्रिजवर चिकटवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "मॅडमनी लाल पेनानं तपासला असता." आणि पुढच्या हाताला पुन्हा सत्ती ठेवली. मला इतका राग आला की मी वर कामाला निघून गेले.

डिसेंबरात एकदा दुपारी चहा करायला खाली आले. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोरची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली होती, कुणी बसलं की असते तितकी. बाबांनी आपला हात खेळून झाल्यावर टॅबलेट फिरवला आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला. मग हात मांडीवर घेऊन थांबले. एक विमान आलं. घर थरथरलं. विमान जाता जाता ते पुढे वाकले, त्यांचं अंग माझ्या आणि टॅबलेटच्या मध्ये आलं, आणि घरघर ओसरल्यावर मला पानं पालटल्याचा आवाज ऐकू आला. मग त्यांनी टॅबलेट पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला.

"बाबा, काय चाललंय?"

"मॅडमचा डाव होता," ते म्हणाले. "आता माझा."

आम्ही बौद्ध. आमच्या घरात श्राद्ध नाही, पिंड नाही, आत्मा नाही. आई गेली तेव्हा त्रिसरण-पंचशील झालं, भंतेजी दोन शब्द बोलले, संपलं. लहानपणी मी भुताला घाबरले तेव्हा याच माणसाने मला हात धरून अंधाऱ्या जिन्याखाली नेलं होतं आणि विचारलं होतं, "दाखव, कुठे आहे?" आता तेच मी त्यांना विचारायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. खुर्चीकडे बघवेना, म्हणून मी चहाच्या पातेल्याकडे बघत राहिले.

त्या रात्री बाबा झोपल्यावर मी टॅबलेट घेतला. त्यात प्रत्येक हाताची नोंद राहते: कुठली पानं आली, कुठली ठेवली, किती सेकंद लागले. ते वाचणं हेच माझं काम. एक आड एक हात वेगळे होते. बाबांचे हात ओळखू येत होते. रेंगाळलेले, चुकांनी भरलेले, आणि सत्ती आली की ती ठेवलेलीच. मधले हात झटपट खेळलेले. मी ते आमच्या तपासणीच्या प्रोग्रॅममधून काढले. चुका शून्य. शेकड्यांनी हात आणि एकही चूक नाही. मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. शून्य.

एका नोंदीपाशी मी थांबले. पाचही पानं बदाम. एक्का, राजा, राणी, गुलाम, आणि सत्ती. म्हणजे फ्लश तयार, गुण हातात. इथे माझ्या ऑफिसातली नवी माणसंसुद्धा चुकतात, आहे ते ठेवतात. बरोबर उत्तर असं की तयार डाव मोडायचा, सत्ती टाकायची आणि सगळ्यांत मोठ्या डावासाठी बदाम दश्शीची वाट बघायची. मधल्या हाताने सत्ती टाकली होती. दोन सेकंदांत. आली किलवरची तिर्री, आणि सगळं गेलं. पण खेळणं बरोबर होतं.

आई अशीच होती. हातचं जायची भीती तिला नव्हती, पण मोजल्याशिवाय ती पान टाकत नसे. मशीनमध्ये खोट असती तर मला कळलं असतं. ही खोट मशीनमधली नव्हती.

सकाळी मी खरे पत्ते काढले. पानं मांडली: चव्व्यांची जोडी, एक एक्का, बाकी फुटकळ. "बाबा, काय ठेवाल?"

"एक्का," ते म्हणाले. चूक.

मग मी तीच पानं समोरच्या खुर्चीकडे वळवली. बोलले काहीच नाही. बाबांनी क्षणभर त्या बाजूला पाहिलं, मग टेबलावरून वाकून एक्का बाजूला काढला. चव्व्या ठेवल्या. मी आणखी सहा हात मांडले. बाबांच्या बाजूला चूक, खुर्चीच्या बाजूला बरोबर.

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"मी नाई शिकलो. तिचा डाव, ती खेळते. मी काऊन शिकू?"

फेब्रुवारीत वृद्धाश्रमाचा फॉर्म भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: हजर नसलेल्या व्यक्तींशी बोलतात का? हो, नाही. मी 'हो'वर खूण केली. नंतर एखाद्या डॉक्टरने भरावीत तशी पुढची पानं भरली, सगळी व्यवस्थित. फक्त पाठवायचं राहिलं. फ्लाइटला नऊ दिवस होते.

तरी मला चैन पडेना. त्या शनिवारी बाबांनी टॅबलेट सरकवला तेव्हा मी जाऊन त्या खुर्चीत बसले. सीट गार होती. मी आईसारखी पाठ ताठ केली आणि हात खेळले, एकदम बरोबर. दुसरा खेळले. तिसऱ्याला बाबा म्हणाले, "ऊठ आता."

"का? चुकलं कुठे?"

"चुकलं नाई. तू पानं बघते. ती पहिले माझ्याकडे बघे. मी काय चूक करीन ते तिले माझ्या तोंडावर दिसे, मग ती पान टाके."

मी उठले नाही. म्हटलं, "बाबा, आई नाहीये."

"मले माहीत आहे," ते म्हणाले, इतक्या सरळ की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "आत्मा नाई, काही नाई. मीच तुले शिकवलं ना? पण चाळीस वर्षं मी मनानं चाललो आणि तिनं मले सांभाळलं. मी एकटा असलो की चुकतो, हे मले मालूम आहे. म्हणून चुकायचं नसलं की डाव तिले देतो. गॅस तिचा. कुलूप तिचं. गोळ्या तिच्या. दार उघडं राहिलं त्या दिवशी मी तिले विचारलं नव्हतं. दुसरा कप कायले ओततो? ती आहे हे ध्यानात राहावं म्हणून."

विमान आलं. आम्ही दोघं थांबलो.

मी ज्याला आजार म्हणून लिहून ठेवलं होतं, त्याच्याच आधाराने हा माणूस उभा होता. तिकडे वृद्धाश्रमात त्यांना गॅस नसता, कुलूप नसतं, आणि मग तिचा एकही डाव उरला नसता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. फॉर्म त्याच संध्याकाळी काढून टाकला. तक्ताही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आकड्यांच्या विरुद्ध पान ठेवलं.

बाबांना हीथ्रोला सोडून आले. ते मागे वळून बघणाऱ्यांतले नाहीत, तरी सिक्युरिटीच्या रांगेतून एकदा वळले आणि माझ्या बाजूला, थोडं डावीकडे, पाहून मान हलवली. मी डावीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी टॅबलेट ऑफिसला परत द्यायचा म्हणून पुसायला घेतला. सवयीने आधी नोंदी पाहिल्या. शेवटचा हात निघायच्या सकाळचा, मी वर त्यांची बॅग बंद करत होते तेव्हाचा. पाळीने तो आईचा. पाच फुटकळ पानं, सगळी टाकून द्यायची. पण एक ठेवलं होतं. बदाम सत्ती. आणि लागले होते चाळीस सेकंद.

तिची पहिली चूक. मी नोंद पुन्हा पुन्हा मोजली, पाळी चुकली असेल म्हणून. चुकली नव्हती. तिचा डावसुद्धा चुकायला लागला असेल तर तिकडे गॅस कोण बघतंय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. इथे सकाळचे आठ, म्हणजे नागपूरला दुपार. मी फोन लावला.

"जेवलात का?"

"जेवलो. चहा ठेवला होता, तोही पिलो."

"दोन कप?"

"एकच."

मी त्या हाताबद्दल विचारलं. आईने सत्ती का ठेवली?

बाबा म्हणाले, "तो मीच खेळलो. ती नव्हती खेळत. तिले म्हटलं, तू राहा इथं. पोरगी एकटी आहे, सगळं आकड्यानं करते, तिच्या तोंडाकडे बघणारं कोणी नाई. मले काय, मी आता थोड्या दिवसांचा."

डोक्यावरून विमान जात होतं. ते जाईपर्यंत मी थांबले. पाठीमागे जेवणाचं टेबल होतं आणि मला वळून बघायचा धीर होत नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "चहानंतर गॅस बंद केलात?"

"केला असन."

"जा, बघून या. मी फोनवर आहे."

त्यांच्या चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला. मी वळले, समोरची खुर्ची थोडी बाहेर ओढली, आणि ते परत येईपर्यंत फोन कानाला लावून तिच्याकडे बघत बसले.